पोर परदेशी शिकायला निघालं, आता घराने काय करायचं?

परदेशी विद्यापीठाचं प्रवेशपत्र आलं की सगळं घर कामाला लागतं. बँक, पासपोर्ट, व्हिसा, तिकीट, बॅगा. मग एके दिवशी मोपाला किंवा मुंबईला जाऊन पोराला विमानात बसवायचं आणि घरी परतायचं. त्या रात्री आईबापांना वाटतं, आपल्या हातात होतं ते सगळं झालं; पुढचं त्याचं त्याने बघायचं. माझं म्हणणं असं की घराचं निम्मं काम त्या दिवसानंतरचं असतं आणि ते कसं करायचं हे आपल्याला कोणी सांगत नाही. एजंटचं काम प्रवेशापाशी संपतं, बँकेचं कर्ज मंजूर झाल्यावर. पोराचा खरा कस लागतो तो पहिल्या सहा महिन्यांत.

मालवण, आचरा, देवबाग, कट्टा या भागातून जर्मनी, इंग्लंड, आयर्लंड, कॅनडा, ऑस्ट्रेलियाला शिकायला जाणारी मुलं बहुतेक वेळा त्यांच्या घरातली पहिलीच असतात. आजोबा मुंबईला गिरणीत, वडील होडीवर, दुकानात किंवा शाळेत, आणि तिसरी पिढी एकदम परदेशी विद्यापीठात. अशा घराकडे हौस असते, कष्टाची तयारी असते, पण तिकडच्या विद्यापीठाचे रीतिरिवाज सांगणारं कोणी नसतं. म्हणून हा लेख आईबापांसाठी आहे आणि जाणाऱ्या मुलामुलींसाठीही.

सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट आधी सांगतो. तिकडच्या विद्यापीठांत विद्यार्थ्याच्या मदतीला पगारी माणसं नेमलेली असतात. परदेशातून आलेल्या विद्यार्थ्यांसाठी वेगळं कार्यालय असतं. कोणते विषय घ्यावेत ते सांगणारा सल्लागार असतो, निबंध-अहवाल कसा लिहावा ते शिकवणारं लेखन केंद्र असतं, संदर्भ शोधून देणारा ग्रंथपाल असतो, मन उदास झालं तर समुपदेशक असतो. प्राध्यापक आठवड्यातले ठरावीक तास केवळ विद्यार्थ्यांना भेटण्यासाठी राखून ठेवतात. या सगळ्याचे पैसे आपण फीमध्ये भरलेले असतात. पण यांतलं कोणीही पोराच्या खोलीवर येऊन दार वाजवणार नाही. जो विचारेल त्याला मिळेल, जो गप्प बसेल तो राहील.

आपल्याकडे वेगळं असतं. दोन दिवस कोणी दिसलं नाही तर शेजारची काकी हाक मारून जाते. वर्गात चाचणी बुडाली तर सर घरी निरोप धाडतात. मुलांना आपण शिकवतो ते असं: मोठ्यांना सारखं विचारू नये, कोणाला त्रास देऊ नये, आपली अडचण चारचौघांत सांगू नये. हे वळण चांगलंच आहे. पण तेच वळण घेऊन पोर परक्या देशात गेलं की ते मागच्या बाकावर गप्प बसतं, एका विषयात मागे पडतं, मग दुसऱ्यात, आणि घरी फोनवर सांगतं, ‘सगळा बरा आसा.’ म्हणून जायच्या आधीच्या वर्षात पोराला विचारायला शिकवा. बँकेतलं काम, तहसील कार्यालयातला दाखला, विद्यापीठाशी पत्रव्यवहार हे सगळं त्याला स्वतः करू द्या. वडिलांनी सोबत जावं, पण खिडकीपाशी पोराने बोलावं. साहेब खेकसला तरी पुन्हा विचारावं. या सवयीचा उपयोग बॅगेतल्या कुठल्याही वस्तूपेक्षा जास्त होईल.

परक्या शहरात नव्याला सांभाळून घेण्याची रीत कोकणी माणसाला नवी नाही. गिरणगावात, लालबाग-परळला, एकेका गावाची खोली असायची. गावातला नवा तरुण बोट किंवा एसटी पकडून मुंबईला आला की त्याला पत्ता पाठ असायचा. खोलीत वळकटी ठेवायला जागा मिळायची, पाळीपाळीने झोपायचं, खानावळीत जेवायचं, आणि गिरणीत कोणाला भेटायचं ते जुना माणूस सांगायचा. पहिला पगार होईपर्यंत त्याला कोणी उपाशी ठेवत नसे. आजारी पडला तर गावाला कळवणारं कोणी असायचं. आज मँचेस्टरला किंवा म्युनिकला जाणाऱ्या पोराला अशी खोली नाही. निघण्यापूर्वी तीन माणसं तरी शोधून ठेवली तर तिची उणीव बरीच भरून निघते: त्याच विद्यापीठात एक-दोन वर्षं आधी गेलेला एक विद्यार्थी, त्या शहरात राहणारं एक मराठी कुटुंब, आणि विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयातलं एक नाव. लंडनचं महाराष्ट्र मंडळ 1932 पासून चालू आहे, उत्तर अमेरिकेतलं बृहन्महाराष्ट्र मंडळ 1981 पासून. त्यांच्यामार्फत ओळखी काढता येतात. संकोच करू नका. ती माणसंही कधीतरी नवी होती.

माणसं किती लागतात हे जुन्या उदाहरणांवरून कळतं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1913 साली सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. त्यांचं मूळ गाव आंबडवे, आपल्याच कोकणातलं, मंडणगड तालुक्यातलं. कोलंबियात लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना हे पारशी विद्यार्थी त्यांच्या सोबत राहत होते आणि ती मैत्री आयुष्यभर टिकली. पुढे लंडनमध्ये शिकत असताना शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि 1917 साली अभ्यास अर्धवट टाकून परतावं लागलं. पण त्यांनी विद्यापीठाकडून चार वर्षांच्या आत परत येण्याची परवानगी मागून घेतली होती. 1920 साली शाहू महाराजांची मदत, स्वतःची बचत आणि भथेनांकडून घेतलेलं कर्ज या बळावर ते पुन्हा गेले आणि पदव्या पूर्ण केल्या. आजच्या विद्यार्थ्याने यातली एक गोष्ट नीट लक्षात ठेवावी. पैसा संपला, आजारपण आलं, घरी संकट ओढवलं, तर कोर्स सोडून पळून येऊ नये. विद्यापीठात लेखी अर्ज करून अभ्यासात खंड घेता येतो आणि जागा राखून ठेवता येते. मात्र व्हिसावर त्याचा काय परिणाम होईल ते आंतरराष्ट्रीय कार्यालयात आधी विचारावं लागतं.

आनंदीबाई जोशी यांची कथा आपण अभिमानाने सांगतो. त्या 1883 साली कलकत्त्याहून बोटीने निघाल्या आणि 11 मार्च 1886 रोजी पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या. न्यू जर्सीच्या रोझेल गावच्या थिओडोसिया कार्पेंटर यांनी त्यांना लेकीसारखं घरात ठेवून घेतलं, कॉलेजच्या डीन रेचल बॉडली यांनी त्यांची काळजी घेतली. एवढं असूनही थंडी, राहण्याची गैरसोय आणि न मानवणारं अन्न यांनी त्यांची तब्येत ढासळत गेली आणि 26 फेब्रुवारी 1887 रोजी, बावीस वर्षं पूर्ण होण्याआधीच, त्या गेल्या. आज औषधं आहेत, विमा आहे, तापवलेल्या खोल्या आहेत. तरी अभ्यासापुढे तब्येत दुय्यम मानण्याची आपली जुनी खोड गेलेली नाही. पोराला खोकला महिनाभर राहिला, वजन उतरलं, तर ‘परीक्षा होऊ दे मग बघू’ असं म्हणू नका. इंग्लंडमध्ये व्हिसाबरोबरच आरोग्यसेवेचा अधिभार भरलेला असतो, जर्मनीत आरोग्य विम्याशिवाय विद्यापीठात नावच नोंदवता येत नाही. पैसे भरलेले आहेत, तर डॉक्टरकडे जावं. इंग्लंडला पोचल्यावर पहिल्या आठवड्यातच जवळच्या डॉक्टरकडे नाव नोंदवून ठेवायचं असतं. आजारी पडल्यावर नव्हे.

आता पैशाचं. यावर सविस्तर बोलायला हवं, कारण मालवणच्या घरांची अडचण शहरातल्या घरांसारखी नसते.

शैक्षणिक कर्ज साधारण साडेसात लाखांपर्यंत तारणाशिवाय मिळतं. नामांकित विद्यापीठ असेल तर काही बँका ही मर्यादा वाढवतात. त्यापुढे तारण लागतं. आपल्याकडे घर असतं, कलमांची बाग असते, माड असतात, किंमतही भरपूर असते, पण सातबारा सामायिक! पणजोबांच्या नावाखाली पाच भावांची वंशावळ, त्यांतले निम्मे मुंबईत, काहींच्या वारसनोंदी झालेल्याच नाहीत. बँकेचा वकील उतारा बघतो आणि प्रकरण परत करतो. घर जुन्या गावठाणात किंवा दुसऱ्याच्या जमिनीत असेल तर आणखी गुंता. हे सगळं प्रवेशपत्र हातात आल्यावर सुटत नाही. वारसनोंद, सहहिस्सेदारांची संमती, तहसीलदारांकडे वाटपाचा अर्ज यांना महिने लागतात, कधी वर्षं. म्हणून मूल अकरावीत गेलं आणि त्याने परदेशाचं नाव काढलं, की त्याच वर्षी सातबारा आणि आठ-अ काढून बघा. चवथीला किंवा आंगणेवाडीच्या जत्रेला सगळे भाऊबंद गावात असतात, तेव्हाच हा विषय काढा. जमिनीचं जमत नसेल तर मुदतठेव, विमा पॉलिसी किंवा मुंबईतल्या काकांची सदनिका तारण ठेवता येते. पण काकांना कागद द्यायला लावायचा तर कर्ज किती, हप्ता किती, न फेडल्यास काय, हे त्यांच्यासमोर स्वच्छ मांडायला हवं. नात्यात पुढे येणारी कटुता तिथेच टळते.

दुसरी अडचण उत्पन्नाच्या कागदाची. होमस्टे, मासळीचा व्यवहार, नौकेतला वाटा, खानावळ यांत कमाई असते, पण बरीचशी रोखीत. कर्जाच्या सहअर्जदाराची दोन-तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं बँक मागते. कर लागत नसला तरी विवरणपत्र भरायला आजच सुरुवात करा आणि कमाई बँकेतून जाऊ द्या.

तिसरी गोष्ट हंगामाची, आणि ती फारशी कोणी बोलत नाही. परदेशी विद्यापीठांचा मोठा प्रवेश ऑगस्ट-सप्टेंबरात असतो. फीचा पहिला हप्ता, खोलीची अनामत, विमान तिकीट सगळं जून ते सप्टेंबरात भरायचं असतं. नेमकी तेव्हा मालवणात कमाई थांबलेली असते. जून-जुलैत मासेमारी बंद, मेअखेरीपासून सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी आणि पाण्यातले खेळ बंद, पर्यटक नाहीत. त्यामुळे ज्या घराचं पोट समुद्रावर आणि पर्यटकांवर आहे त्यांनी ऑक्टोबर ते मे या काळातच पहिल्या हप्त्याची रक्कम वेगळ्या खात्यात टाकून ठेवावी. पावसात सावकाराकडे किंवा सोनं गहाण ठेवायला जायची पाळी येऊ नये.

शिष्यवृत्त्यांची माहिती वेळेत काढा. अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. आदिवासी, इतर मागासवर्गीय, भटके-विमुक्त विद्यार्थ्यांसाठी त्या त्या खात्यांच्या वेगळ्या योजना आहेत. केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर कुटुंबांनाही खुली आहे, हे आपल्याकडे फार थोड्यांना माहीत असतं. जे. एन. टाटा एंडोमेंट 1892 पासून कर्जरूप शिष्यवृत्ती देतं. विद्यापीठाचा जागतिक क्रमांक, उत्पन्नाची मर्यादा, अर्जाची तारीख दरवर्षी जाहिरातीत बघावी. जात प्रमाणपत्र आणि जात पडताळणी आधीच करून ठेवावी, कारण शेवटच्या पंधरवड्यात ती होत नाही.

प्राणिशास्त्र किंवा मत्स्यविज्ञान शिकणाऱ्या इथल्या मुलांनी एक वाट जरूर बघावी. युरोपीय संघाच्या इरॅस्मस मुंडस योजनेत समुद्री जीवशास्त्राचा दोन वर्षांचा संयुक्त अभ्यासक्रम आहे, बेल्जियमचं गेंट विद्यापीठ त्याचं संयोजन करतं. शिष्यवृत्ती मिळाली तर शिकवणी फी नाही आणि महिन्याला 1400 युरो निर्वाहासाठी मिळतात. निवड कडक असते. पण मालवणचं सागरी अभयारण्य 1987 सालचं, प्रवाळ दाराशी, तारकर्लीला स्कूबा प्रशिक्षणाची संस्था, आणि घरात पिढ्यान्‌पिढ्यांचं समुद्राचं ज्ञान. अर्जात हे लिहायला आपली मुलं लाजतात. वडिलांबरोबर रापणीवर गेलो, कुठला मासा कुठल्या महिन्यात कमी झाला ते बघितलं, हे लिहा. परीक्षक ते मन लावून वाचतील.

आणि एक हिशेब मनातून कायमचा काढून टाका: ‘तिकडे काम करून फी भरेल.’ अर्धवेळ कामातून भाजीपाला आणि बसचा पास निघतो, फी निघत नाही. शिवाय कामाच्या तासांना कायद्याची मर्यादा आहे. इंग्लंडमध्ये सत्र चालू असताना आठवड्याला 20 तास, कॅनडात विद्यापीठाबाहेर 24 तास, ऑस्ट्रेलियात पंधरवड्याला 48 तास, जर्मनीत वर्षाला 140 पूर्ण दिवस. अमेरिकेत पहिल्या वर्षी विद्यापीठाच्या आवाराबाहेर काम करताच येत नाही. रोख पैसे देतो, कागदावर दाखवत नाही, असं सांगणारा मालक भेटतोच. त्या कामात व्हिसा जाऊ शकतो. जर्मनीला जाताना वर्षाच्या खर्चाचे 11,904 युरो बंद खात्यात दाखवावे लागतात ते कामाच्या कमाईवर भागत नाही म्हणूनच. हे आकडे सरकारं बदलत असतात, म्हणून अर्ज करताना त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर ते पुन्हा बघून घ्या. एजंटच्या व्हॉट्सअ‍ॅपवर विसंबू नका. 2023 साली कॅनडात शेकडो भारतीय विद्यार्थ्यांची प्रवेशपत्रं खोटी निघाली तेव्हा त्यांतल्या कितीतरी जणांना आपण फसलोय हे शिक्षण पूर्ण झाल्यावर कळलं. प्रवेशपत्र आलं की विद्यापीठाच्या अधिकृत पत्त्यावर स्वतः लिहून खात्री करून घ्यायची. खोलीचं भाडंही खोली बघितल्याशिवाय, निदान तिथल्या ओळखीच्या माणसाने बघितल्याशिवाय, पाठवायचं नाही. पहिला महिना विद्यापीठाच्याच वसतिगृहात काढता आला तर उत्तम.

कागदांबद्दल एवढंच सांगतो की नाव सगळीकडे एकसारखं हवं. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, वडिलांचं, आईचं. पासपोर्टवर वेगळा क्रम. आधारवर स्पेलिंग तिसरंच. हे वेळेत दुरुस्त करा. मालवणच्या स. का. पाटील सिंधुदुर्ग महाविद्यालयात शिकलात तरी पदवी मुंबई विद्यापीठाची असते आणि गुणांचा एकत्रित उतारा तिथूनच काढावा लागतो. कोकणकन्या गाडीने एकदा जाऊन काम होईल असं धरू नका. दोन महिने हाताशी ठेवा.

आता अभ्यास. आपली हुशार मुलं तिकडे पहिल्यांदा अडखळतात ती बुद्धी कमी पडते म्हणून नव्हे. खेळाचे नियम कोणी सांगितलेले नसतात म्हणून. आपल्या विज्ञान शाखेत जर्नल एकमेकांचं बघून उतरवायची रीत आहे. गाईडमधलं उत्तर जसंच्या तसं लिहिलं तर इथे चांगले गुण मिळतात. तिकडे दुसऱ्याचं वाक्य नाव न देता घेतलं तर ती चोरी समजतात आणि चौकशी बसते. मित्राला आपला अहवाल ‘नुसता बघायला’ दिला आणि त्याने उतरवला तर दोघंही अडकतात. यंत्राकडून लिहून घेतलेल्या मजकुराबद्दल तर प्रत्येक विद्यापीठाचे, कधी प्रत्येक विषयाचे, वेगळे नियम असतात. पहिल्याच आठवड्यात लेखन केंद्रात जाऊन संदर्भ कसा द्यायचा ते शिकून घ्यावं. पहिला निबंध द्यायच्या मुदतीआधी प्राध्यापकांना त्याचा आराखडा दाखवावा. प्रश्न विचारल्याने तिकडे कोणी मूर्ख समजत नाही. वर्गातल्या बोलण्याला कित्येक विषयांत गुण असतात.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना पहिले दोन महिने व्याख्यान कानावरून जातं. स्कॉटलंडचा उच्चार तर इंग्रजी माध्यमाच्या मुलांनाही कळत नाही. व्याख्यानाचं ध्वनिमुद्रण मिळतं का ते विचारावं, आदल्या दिवशी धडा वाचून जावं, आणि वर्गातल्या दुसऱ्या देशाच्या एका तरी मुलाबरोबर अभ्यासाला बसावं. मराठी मित्रांबरोबर जेवावं, सण करावेत, पण अभ्यास मिश्र गटात करावा. भाषा तिथेच सुटते.

गुणांच्या बाबतीत आईबापांना एक विनंती आहे. दहावीला 95 टक्के मिळवणाऱ्या मुलीला इंग्लंडमध्ये एमएस्सीत 62 पडले तर घरी सुतक धरू नका. तिकडे पदव्युत्तरला 50 ला पास, 60 च्या पुढे चांगली श्रेणी आणि 70 ला सर्वोच्च श्रेणी. जर्मनीत आकडा जितका लहान तितकं यश मोठं: 1.0 सर्वांत वर, 4.0 म्हणजे काठावर पास. मात्र जर्मनीत एका विषयाच्या परीक्षेला बसण्याच्या संधी मोजक्याच असतात आणि त्या संपल्या तर तो अभ्यासक्रमच सोडावा लागतो. म्हणून पहिल्यांदा नापास झालं तर लपवू नये, लगेच सल्लागाराला गाठावं. अमेरिकेत ठरावीकपेक्षा कमी विषय घेतले तर विद्यार्थी व्हिसाच धोक्यात येतो. विषय सोडायचा तर आधी परवानगी घ्यावी. हे सगळं पोराला माहीत हवं, आणि घरालाही थोडंफार.

घराला आणखी एक माहीत हवं. मूल अठराच्या वर असलं की बहुतेक परदेशी विद्यापीठं त्याची माहिती आईबापांना देत नाहीत. गुण, हजेरी, आजार, काहीच नाही. तुम्ही फोन केलात तरी नम्रपणे नाही म्हणतील. म्हणून तुमचा एकच धागा म्हणजे पोराचा आणि तुमचा फोन. तो कसा चालतो यावर बरंच काही अवलंबून आहे.

रापण ओढताना दोन्ही दोऱ्यांवर माणसं लागतात. एका बाजूने ढिली सोडली की मासळी निसटते. तिकडे विद्यापीठ आणि मित्र एक दोर धरतात, दुसरा घराचा. तो धरायचा म्हणजे रोज तासभर व्हिडिओ लावून ‘जेवलंस काय, काय जेवलंस, किती मार्क पडले’ असं विचारणं नव्हे. आठवड्यातल्या दोन वेळा ठरवा. हिवाळ्यात जर्मनी आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते, इंग्लंड साडेपाच. त्यांच्या वर्गाच्या वेळी फोन करू नका. आणि पोराला वाईट बातमी सांगता येईल असं वातावरण ठेवा. ‘कर्ज काढून पाठवलंय, लक्षात ठेव’ हे वाक्य एकदाही तोंडातून जाऊ देऊ नका. त्याला ते रोज आठवत असतं. हे वाक्य ऐकलेलं पोर नापास झाल्याचं सांगत नाही, आजारी असल्याचं सांगत नाही, मालक पैसे बुडवतोय हेही सांगत नाही. त्याऐवजी सांगा: काहीही झालं तरी आधी आम्हाला कळव, मग बघू. हे खोटं आश्वासन असू नये. कळवल्यावर रागावलात तर पुढच्या वेळी ते कळवणार नाही.

नोव्हेंबर सांभाळायचा महिना. सप्टेंबरात नवलाई असते. चवथ तिकडे एकट्याने गेलेली असते, पण आरतीला व्हिडिओवर घर दिसलेलं असतं. नोव्हेंबरात उत्तर युरोपात चार-साडेचारला अंधार पडतो, पाऊस आणि थंडी, परीक्षा तोंडावर, दिवाळी गेलेली. बारा महिने उन्हात वाढलेल्या पोराला हा अंधार सोसत नाही. झोप बिघडते, वर्ग चुकायला लागतात, बोलणं तुटक होतं, कॅमेरा बंद ठेवून बोलतं. असं दिसलं तर उपदेश करू नका. दिवसा बाहेर चालायला जा, विद्यापीठाच्या समुपदेशकाची वेळ घे, एवढंच सांगा आणि दोन दिवसांनी घेतली का ते विचारा. समुपदेशकाकडे जाणं म्हणजे वेड लागणं नव्हे, हे आजीलाही समजावून ठेवा. घरच्यांनाच काळजीने झोप येत नसेल तर आपल्याकडे 14416 हा टेलिमानसचा सरकारी क्रमांक आहे.

निघण्यापूर्वी एका कागदावर एवढं लिहून घरात लावा: पोराच्या खोलीचा पूर्ण पत्ता, सोबत राहणाऱ्या एकाचा फोन, आंतरराष्ट्रीय कार्यालयाचा फोन, त्या देशातल्या भारतीय दूतावासाचा आपत्कालीन क्रमांक, विम्याचा क्रमांक, पासपोर्टची प्रत. परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर परदेशी शिकणाऱ्या विद्यार्थ्याची नोंदणी करता येते. ती करूनच निघावं. पोराने विद्यापीठात आपत्कालीन संपर्क म्हणून घरातल्या इंग्रजी किंवा हिंदी बोलू शकणाऱ्या माणसाचा क्रमांक द्यावा, आजीचा नको. बॅगेत मालवणी मसाला, कुळथाचं पीठ, सोलं जरूर द्या, पण सुका बांगडा आणि सोडे नेता येतात का ते त्या देशाच्या नियमात बघा. ऑस्ट्रेलियात उतरताना खाण्याचे पदार्थ जाहीर करावे लागतात आणि लपवले तर जबर दंड होतो. पदार्थांपेक्षा भात, डाळ, एक रस्सा आणि कपडे धुणं हे निघण्यापूर्वी यायला हवं, मुलगा असो की मुलगी.

आता मालवणासाठी एक मागणी. गेल्या काही वर्षांत इथून परदेशी जाऊन शिकलेली, शिकत असलेली बरीच मुलं आहेत, पण त्यांची माहिती ज्याच्या त्याच्या नात्यातच राहते. टोपीवाला हायस्कूल, भंडारी हायस्कूल, स. का. पाटील महाविद्यालय आणि तालुक्यातल्या इतर शाळा-कॉलेजांनी आपल्या अशा माजी विद्यार्थ्यांची, त्यांना विचारून, एक वही ठेवावी: कोण, कुठल्या देशात, कुठल्या विद्यापीठात, काय शिकतो, नव्या मुलाशी बोलायची तयारी आहे का. एका शिक्षकाने ती सांभाळावी. आणि तुम्ही जे शिकून आलात किंवा डिसेंबरच्या सुट्टीत घरी येणार आहात, त्यांनी आपल्या शाळेत एक दुपार द्या. तुमची पदवी, तुमचे फोटो यांबद्दल नंतर बोला. पहिल्या सत्रात काय चुकलं, कोणाकडे मदत मागितली, ती कशी मिळाली, हे आधी सांगा. त्या वर्गात पुढच्या वर्षी निघणारं एखादं मूल बसलेलं असेल. त्याला तुमचा नंबर द्या.